खिडकीकडची खाट

विमलाने कुशीवर वळून बाळाला छातीशी घेतलं, तर त्याने तोंडच फिरवलं. काल रडून रडून घसा बसलेलं पोर आता मूठ गालाशी धरून स्वस्थ झोपलं होतं. पोट टम्म भरलेलं.

बाळंत झाल्यापासून विमला तापाने फणफणत होती. दूध उतरलं नव्हतं. डब्याचं दूध पोराला पचेना. पाजलं की ओकून टाकी. रत्नागिरीच्या त्या इस्पितळातले डॉक्टर सकाळी त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवत पुढे गेले होते. मग विमलाची शुद्ध हरपली, ती उन्हं कलताना आली.

"सिस्टर, ह्याला कोणी पाजलं?"

सिस्टरने आधी दाराकडे पाहिलं. "वॉर्डातल्याच एका बाईने. दुपारी तिला घरी सोडलं."

"कोण होती?"

"ते नको विचारू. पोर वाचलं, ते बघ."

विमलाचे डोळे भरून आले. सासूला कळलं तर? गंगुबाई देवरूखकडच्या खेड्यातून सुनेबरोबर आली होती, पण इथल्या नळाचं पाणी तोंडाला लावत नव्हती; ओळखीच्या घरून तांब्या भरून आणायची. कोण, कुठली, कोणाच्या हातचं, हे विचारल्याशिवाय तिने आजवर कुणाकडे घास घेतला नव्हता. मध्ये पडायला तिचा नवरा बाबूही नव्हता. गिरणी बंद पडल्यापासून तो मुंबईत काम शोधत फिरत होता.

गंगुबाई पेजेचा डबा घेऊन आत आली. तिने वाकून नातवाला पाहिलं.

"पाजलंस काय गो?"

"होय," विमला चादरीकडे बघत म्हणाली. "आलं थोडं."

गंगुबाईने डबा खाली ठेवला आणि सुनेच्या कपाळावर हात टेकला.

"ताप उतरला हाय. आता येईल दूध. पण अजून आलं नाय. खोटं कशाला बोलतेस?"

"आत्याबाई, मी शुद्धीवर नव्हते. मला खरंच ठाऊक नाही कोणी..."

"मी नेलं त्याला."

विमला कोपरावर रेलून उठली.

"त्या खिडकीकडच्या खाटेवर होती ती. तिचं मूल गेलं. छाती दुधानं दाटून कण्हत होती बिचारी. आणि हा हितं सुकत चाललेला. मी उचलला नि नेऊन तिच्या मांडीवर ठेवला. मी काय बोलले नाय, तीपण काय बोलली नाय. घेतलान पदराखाली. पाजताना रडत होती, पण पोराला सोडलान नाय."

खिडकीकडची खाट रिकामी होती. आया तिच्यावर धुतलेली चादर अंथरत होती.

"कोणाची होती, आत्याबाई? नाव काय तिचं?"

"विचारलं नाय."

"तुम्ही?"

गंगुबाई पेज वाटीत ओतू लागली. वाटी भरली तरी तिने मान वर केली नाही.

"विचारलं असतं तर माझा हात मागं आला असता. तिची माणसं न्यायला आली, तिला नावानं हाका मारायला लागली, तशी मी बाहेर जाऊन उभी राहिले."

बाळाने झोपेतच ओठ हलवले. ओठांच्या कडेला दुधाचा पांढरा डाग सुकला होता. गंगुबाईने तो पुसायला पदराचं टोक उचललं, क्षणभर तसंच धरलं आणि हळूच सोडून दिलं.