पाठ टेकवून उभी राहा

मी एक जुनी पट्टी आहे. घाबरू नका मित्रांनो, हातावर बसणारी नव्हे, उंची मोजायची. शाळेच्या तपासणीच्या खोलीत, दार उघडलं की उजव्या हाताला, भिंतीला लागून मी उभी असते. दोन मीटर उंच, पायाशी चौकोनी पाट आणि अंगावर वरखाली सरकणारी एक छोटी फळी. ही फळी डोक्याला टेकली की माझ्या अंगावरचा आकडा वाचायचा. माझं काम एवढंच, आणि ते मी चोख करते. खोलीत माझ्या सोबतीला एक वजनकाटाही आहे, पण त्याच्याबद्दल न बोललेलं बरं. तो रोज मत बदलतो.

मला घडवलं ते एका फटकळ सुताराने. त्याने माझ्यावरचे आकडे रंगवले नाहीत, तापल्या सळईने एकेक रेघ डागून काढली. त्याची बायको म्हणाली, शाळेतलीच तर वस्तू, तिच्यासाठी एवढा जीव कशाला काढायचा? त्यावर तो म्हणाला, "पोरांच्या बाबतीत थापा चालत नाहीत." जन्मल्या जन्मल्या हे वाक्य कानावर पडल्यामुळे मला वाटलं, जगाची रीतच अशी असणार.

पहिली काही वर्षं फार मजेत गेली. मुलं पाटावर चढायची, टाचा हळूच उचलायची, केस फुगवून यायची. एका पठ्ठ्याने तर मोज्यात पुठ्ठा घातला होता. परिचारिकाबाई त्याच्या पायावर टिचकी मारून म्हणाल्या, "उंची वरून वाढते रे बाळा, खालून नाही." या बाईंना सगळी शाळा मोजणीबाई म्हणायची. एका पाहुण्या अधिकाऱ्याने एकदा स्वतःला मोजून घेतलं आणि "अगदी अचूक आहे हो" म्हणून माझं कौतुक केलं. त्यानंतर मी कितीतरी दिवस वजनकाट्याशी बोलले नाही.

पण माझं खरं ज्ञान आकड्यांचं नव्हे. प्रत्येक मूल माझ्याकडे पाठ करून उभं राहतं, त्यामुळे मला पाठी कळतात. घामेजलेली, गुदगुल्या होऊन हलणारी, ताप अंगात असूनही शाळेत आलेली, सगळ्या प्रकारची पाठ मी ओळखते.

मुंगी पहिल्यांदा माझ्यापाशी आली ती सहावीत असताना. मुंगी हे वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं नाव, कारण ती लहानखुरी होती आणि सतत कशात तरी गुंतलेली असायची. मोजणीबाई म्हणाल्या, "पाठ टेकवून उभी राहा." तिने पाठ टेकवली आणि लगेच दोन बोटं पुढे घेतली. मग बाईंनी फळी खाली सरकवली, तशी तिने मान खांद्यात ओढून घेतली आणि डोळे घट्ट मिटले. बाई हसल्या. "अगं, लाकूडच आहे, चावत नाही. मान ताठ कर." तिने कशीबशी मान ताठ केली. उंची भरली एकशे छत्तीस. बाकीची मुलं फळी येताना वर झेपावतात आणि ही खाली का दबते, हे मला काही उमगलं नाही.

तिच्या बाबांना मी आधीपासून ओळखत होते. त्यांना सगळे टेलरकाका म्हणत. शाळेचे सगळे गणवेश तेच शिवायचे. दरवर्षी सुट्टी संपायच्या आधी ते याच खोलीत गळ्यात फीत अडकवून बसत आणि मुलांची मापं घेत. माणूस नाकासमोर चालणारा, बोलायला लोण्यासारखा मऊ. मला ते माझे भाऊबंदच वाटायचे, कारण त्यांनाही अर्ध्या बोटाची चूक खपत नसे. मुंगीची आई ती चार वर्षांची असतानाच वारली होती. घरात बाप, लेक आणि बापाची थोरली बहीण, म्हणजे मुंगीची आत्या, अशी तिघं. एकट्या बापाने पोरीला वाढवलं म्हणून शिक्षकांच्या खोलीत त्यांचं फार कौतुक व्हायचं.

गंमत म्हणजे, साऱ्या शाळेला मापात बसवणाऱ्या टेलरकाकांच्या मुलीचा गणवेश मात्र ढगळ असायचा. बाह्या मनगटाच्या खाली, गळा हनुवटीपर्यंत. वर्गबाई एकदा हसत म्हणाल्या, "काका, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." काकाही हसले. "वाढत्या अंगाचा शिवलाय हो बाई. पोरीची जात, बघता बघता उंच होईल." सगळ्यांना ते पटलं. मीही त्या हसण्यात मनातल्या मनात सामील झाले, हे मी लपवत नाही.

पण अंग काही वाढत नव्हतं. सातवीत एकशे एकोणचाळीस, आठवीत एकशे चाळीस. तिच्याबरोबरच्या मुली तिच्यापेक्षा हातभर पुढे गेल्या. मला वाटू लागलं की आपल्याच रेघा चुकल्या असाव्यात. माझा आकडा बरोबर होता. चुकत होतं ते दुसरीकडे.

आठवीतल्या त्या तपासणीला डॉक्टर आले होते. वर्षातून एकदा ते यायचे आणि एका सकाळी दोनशे मुलं उरकायचे. त्यांनी मुंगीच्या पाठीला नळी लावण्यासाठी तिच्या मागच्या गुंड्या सोडल्या, तेव्हा मी ती पाठ पहिल्यांदा उघडी पाहिली. मित्रांनो, पाठीवर वळ होते. जुने, नवे, एकावर एक. रुंदी सगळ्यांची सारखी, कडा सरळ, आणि एका बाजूला बारीक बारीक खाचा. ती खूण मला चांगलीच ओळखीची होती. टेलरच्या टेबलावर कापड मोजायला लाकडी पट्टी असते, तिच्यावर आकड्यांच्या खाचा असतात. ते वळ माझ्याच जातीच्या वस्तूने उठवले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "पडलीस का गं?"

मुंगी म्हणाली, "नाही. बाबा मारतात."

हे तीन शब्द बोलायला तिला किती बळ लागलं, ते मला बाजूला उभ्या उभ्या कळलं. डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. "मग नीट वागावं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

मोजणीबाईंनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी मुंगीला मागे थांबवून घेतलं, वळांना मलम लावलं, हळूहळू एकेक विचारलं. शाळेतून गेल्यावर तिला दुकानासाठी काजं करायला बसावं लागायचं. काज वाकडं झालं की पट्टी. दोरा गुंतला की पट्टी. कधी नुसतंच, चुकण्याच्या आधीच. आत्याला सांगितलं का, असं बाईंनी विचारलं. सांगितलं होतं. एका छपराखाली राहणाऱ्या बाईला हे सांगावं लागावं, यातच सगळं आलं. आत्या म्हणाली होती की आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाहेर बोलू नकोस.

बाईंनी मुंगीच्या आरोग्यपत्रकावर शेऱ्याच्या रकान्यात शाईने स्पष्ट लिहिलं, "पाठीवर माराचे वळ. मूल घाबरलेले आहे. तातडीने लक्ष द्यावे." मला केवढा अभिमान वाटला. अखेर कोणीतरी लिहिलं, म्हणजे आता सुटली पोरगी.

आता जे झालं ते नीट ऐका. आमच्या शाळेत एक पद्धत आहे. तपासणी झाली की सगळी आरोग्यपत्रकं पालकांच्या सहीसाठी घरी जातात आणि शनिवारपर्यंत परत येतात. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. बाईंनी दोनशे पत्रकांचे गठ्ठे बांधले आणि वर्गावर्गात पाठवून दिले. मुंगीचं पत्रक मुंगीच्याच हातात पडलं, मुंगीने ते दप्तरात घालून घरी नेलं, आणि तिच्या बाबांनी ते वाचलं.

शनिवारी सगळी पत्रकं आली. मुंगीचंही आलं, पण ते आत्या घेऊन आली होती, सोबत रजेचा अर्ज. पत्रकावर सही होती आणि सहीखाली सुंदर, वळणदार अक्षरात एक ओळ होती. "सूचना वाचली. योग्य ती काळजी घेण्यात येईल."

मोजणीबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. आपण काय करून बसलो, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी आत्याला विचारलं, पोरगी कुठे आहे? आत्या पदराशी चाळा करत म्हणाली, "ताप आलाय. आणि बाई, आम्हीही मार खाऊनच मोठे झालो. काही वाईट झालं का आमचं?" बाई गप्प राहिल्या. मी लाकूड आहे, मला बोलता येत नाही. त्यांना येत होतं.

मुंगी नऊ दिवसांनी आली. डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती, ती पुढे कधी सरळ झाली नाही.

बाईंनी मग धीर करून मुख्याध्यापकांना गाठलं. ते वाईट नव्हते हो. मुलं त्यांना मोठे सर म्हणायची आणि घाबरायची कमी, मानायची जास्त. न्यायी म्हणून त्यांची ख्याती होती. शाळेत कुठलंही भांडण झालं की त्यांचा एकच नियम, दोन्ही बाजू समोरासमोर ऐकायच्या, पाठीमागे कोणाबद्दल बोलायचं नाही. दोन मुलांनी चेंडूवरून मारामारी केली तर हा नियम फार चांगला आहे. त्यांनी तोच इथेही लावला. बाई म्हणाल्या, सर, पोरीला आधी एकटीला विचारू या. सर म्हणाले, "ते त्या माणसावर अन्यायाचं होईल. पंचवीस वर्षं ओळखतो मी त्यांना. समोरच होऊ द्या, म्हणजे कोणाच्या मनात किंतु नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी याच खोलीत सगळे जमले. मोठे सर खुर्चीवर, मोजणीबाई कपाटापाशी, टेलरकाका गळ्यातली फीत हातात घेऊन उभे. मुंगीला कुठे उभं राहावं ते सुचेना, म्हणून ती माझ्या पाटावर येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने पाठ पूर्ण टेकवली, पहिल्यांदाच. तिचा थरकाप माझ्या सगळ्या अंगातून जात होता. खोलीत तो आणखी कोणाला कळत नव्हता.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई नाही हो सर तिला. मलाच आई व्हावं लागतं आणि मलाच बाप. कधी एखादी चापट बसत असेल, नाही म्हणत नाही."

"घरोघरी मातीच्या चुली," सर म्हणाले. मग मुंगीकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. खरं काय ते सांग. बाबा तुला मारतात का?"

मुंगीने सरांकडे पाहिलं नाही. बाईंकडेही नाही. तिचे बाबा फीत बोटांना गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. तिने तिकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"झालं तर मग," सर म्हणाले. त्यांना खरोखर हायसं वाटलं. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बोलत बोलत बाहेर पडले. पुढच्या वर्षीच्या गणवेशाच्या कापडाबद्दल बोलत होते. मुंगी पाटावरून उतरली आणि त्यांच्या मागोमाग घरी गेली.

त्यानंतर ती कोणालाच काही बोलली नाही. नववीत तिची उंची एकशे चाळीसच भरली. मोजणीबाईंनी आकडा लिहिला, शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ धरून ठेवलं आणि रकाना कोरा सोडला. पुन्हा पत्रक घरी जाईल याची त्यांना भीती होती. पत्रक घरी पाठवायचंच नाही, हे त्यांना सुचलं नाही, की सुचूनही धीर झाला नाही, मला ठाऊक नाही. वर्षअखेरीस त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांच्या मायाळूपणावर तीन भाषणं झाली.

दहावीत मुंगीचं नाव पटावरून निघालं. पोरगी अभ्यासात कच्ची आहे, दुकानात तरबेज होईल, असं काकांनी सांगितलं. ती अभ्यासात कच्ची नव्हती. वर्गबाईंना ते माहीत होतं, त्या चार दिवस हळहळल्या.

पुढच्या सुट्टीत काका मापं घ्यायला आले तेव्हा ती सोबत होती. ते आकडे बोलायचे, ती वहीत उतरवायची. सोळा वर्षांची, आणि अजून ढगळ बाह्यांमध्येच. नवीन परिचारिकाबाई कौतुकाने म्हणाल्या, "किती शहाणी मुलगी. शब्दाला शब्द करत नाही." काका पाणी प्यायला बाहेर गेले, बाई चाव्या आणायला गेल्या. खोलीत ती आणि मी. ती पाटावर चढली, हात वर करून तिने फळी स्वतःच खाली घेतली, मग खालून सरकून आकडा पाहिला. एकशे चाळीस. तिला राग आला नाही, रडू आलं नाही. तिने फळी पुन्हा वर सरकवून ठेवली, जशी मोजणीबाई ठेवायच्या. बाहेरून हाक आली, तशी ती वही घेऊन निघाली. त्यानंतर ती मला दिसली नाही. काका दरवर्षी येतात. एकटेच.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू. मला आठवड्याला फडकं मारलं जातं, वर्षाला तेल लावलं जातं, वाळवी लागू नये म्हणून सगळे दक्ष असतात. तुमच्यावर असं काही येत असेल तर सांगा, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला, असं मी म्हणेन. पण मुंगीने आत्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, बाईंना सांगितलं. पुढचा माणूस नक्की ऐकेल, असं मी खोटं सांगणार नाही. मला थापा येत नाहीत.

म्हणून मागणं आहे ते तुम्ही मोठे झाल्यावरचं. तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी शिक्षक, कोणी आत्या. एखाद्या मुलाला असं काही विचारायची वेळ तुमच्यावर आली, तर ज्याच्याबद्दल विचारायचं त्याला आधी खोलीबाहेर जायला सांगा. एवढंच करायचं होतं त्या दुपारी. खोलीला दार होतं, दाराला आतून कडी होती, आणि खोलीत काकांखेरीज दोन मोठी माणसं होती, जी त्यांना बाहेर पाठवून ते दार लावू शकली असती.