पुंजारामाची दाढी

माझा हात चालायला लागला की तोंडही चालतं, आणि दोन्ही बंद करायचं बटण देवाने मला दिलेलं नाही. नाशकात द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. नवरा दीपक मापं घेतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. वेल्डिंग आणि ग्राइंडर माझ्याकडे. कोणी वाकडं बोललं तर दीपक आधी माझ्या हातातला हातोडा काढून घेतो, मग भांडण काय आहे ते विचारतो.

घरात माझ्याइतका तापट आणखी एकच, पुंजाराम. माझ्या लेकीचा, सायलीचा सरडा. परदेशी जातीचा, हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची पिवळट दाढी. चिडला किंवा घाबरला की ती दाढी फुगते आणि काळीकुट्ट होते. "मैने, हा तुझ्यावर गेलाय," दीपक म्हणायचा आणि मी खुशाल हसायचे.

यंदा दिवाळीतच नाशकात बोचरी थंडी पडली. सरड्याचं अंग आपलं आपण तापत नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. त्याच्या काचेच्या पेटीच्या एका टोकाला वरून ऊब देणारा बल्ब, दुसरं टोक गार, म्हणजे त्याला हवं तिकडे तो सरकेल. बल्बला जाळी, नाहीतर पठ्ठ्या वर चढून भाजून घेईल. ऊब जास्त झाली की आपोआप बंद करणारं यंत्र. एवढं सगळं मी बसवलं, जाळी तर माझ्या हाताने वेल्ड केली. राहिली होती यूव्हीबीची नळी. उन्हातला जो भाग हाडांना लागतो तेवढाच देणारी, सरड्यांसाठीच बनवलेली. ती मागवली होती, पण सणाच्या गर्दीत पार्सल कुठंतरी अडकलं. "उशीर चालेल, तोवर सकाळच्या उन्हात धरा. पण भलती नळी लावू नका," बाईंनी बजावलं होतं.

भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ महेश वणीहून आला. पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो तो. मी ओवाळलं, तर ताटात पाकीट टाकायच्या ऐवजी त्याने पिशवीतून काचेची नळी काढली.

"ताई, ही तुझी ओवाळणी. ते पार्सल राहू दे गाडीत. यूव्ही पायजे ना? ही यूव्हीच हे."

"अरे, ही तर फिल्टरमधली. पाण्यातले जंतू मारायची."

"मग? लोक हिच्यातलं पाणी पितात, लय सेफ असते. यूव्ही म्हणजे यूव्ही."

माझ्या जिभेवर आलं होतं, नको रे बाबा. पण भाऊबीजेला भावाची ओवाळणी परत कशी करायची? जन्मात एकदा तोंड आवरलं, तेही नको तिथं!

त्याने नळी पेटीत वर बसवली. निळसर, शांत उजेड पडला. सायली हरखली. पेटीचं दार उघडं ठेवून ती दुपारभर आत डोकं घालून बसली होती, पुंजारामाला हाताने अळ्या भरवत. मामा श्रीखंड-पुरी हाणून दिवाणावर आडवा झाला. खोलीत दुकानासारखा एक उग्र वास येत होता. सणाच्या दिवशी खाली वेल्डिंग कोण करतंय, असं मला वाटून गेलं आणि मी पोळ्या लाटायला बसले.

दिवेलागणीला सायली भिंत चाचपडत स्वयंपाकघरात आली. डोळे घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहत होतं.

"आई, डोळ्यांत वाळू गेलीये. उघडतच नाहीयेत गं."

हे मला माहीत होतं. वेल्डिंगचा जाळ बिनचष्म्याने बघितला की तेव्हा काही होत नाही, काही तासांनी डोळ्यांत अशीच वाळू पेटते. शिकाऊ असताना मी स्वतः भोगलंय. आणि तो वास! त्या नळीचाच होता तो. एका क्षणात मला सगळं कळलं आणि पुढच्या क्षणी माझं डोकं जागेवर राहिलं नाही.

लाटणं हातातच होतं. महेश झोपेत होता, पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. "मुडद्या! लेकराचे डोळे जाळलेस माझ्या!" तो उठायला गेला, मी केसांना धरून त्याला खाली ओढलं. पाठीत, दंडावर, मांडीवर, दिसेल तिथं हाणलं. लाटणं निसटलं तेव्हा मुठी वापरल्या. उजव्या हातातल्या बांगड्या त्याच्या भुवईवर फुटल्या. रक्त त्याचं होतं की माझं, कोण बघतंय! मी त्याची कॉलर धरली आणि त्याला पेटीवर आदळलं. काच तडकली. परत आदळलं.

त्याने एकदाही हात उगारला नाही. नुसता ओरडत होता, "ताई, नळी! अगं, नळी चालू हे!"

मला ऐकूच येत नव्हतं. तो निळा उजेड माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी भावाला मारत होते. दीपक खालून धावत आला, मला कमरेला धरून ओढायला लागला, त्यालाही मी कोपर मारलं.

मग उजेड गेला. मिटल्या डोळ्यांनी सायली भिंतीला धरून पेटीपर्यंत पोचली होती, तिने पिन उपटली. फुटक्या काचेतून हात घालून तिने पुंजारामाला बाहेर काढलं. त्याचे डोळे सुजून बंद झाले होते, तोंड वासलेलं, दाढी डांबरासारखी काळी.

सायलीचे डोळे दोन-तीन दिवसांत बरे होतील म्हणत डॉक्टरांनी थेंब घालून पट्टी बांधली. पुंजारामाचं डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. "एक डोळा कदाचित वाचेल. पण त्याने खायला हवं. त्याला अंधारात, उबेत ठेवा आणि घाबरवू नका. घाबरलेला सरडा खात नाही, आणि खाल्लं नाही तर माझ्या औषधाने काही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी सायली पडदे ओढून बसली, पुंजाराम मांडीवर. महेश गेला नव्हता. भुवईला टाके घालून तो उंबऱ्याशी बसून होता, माझ्याकडे बघत नव्हता. सायलीनेच त्याला हाक मारली. तो आत गेला, हळूहळू बोलत पुंजारामाच्या ओठांशी भोपळ्याचा गर नेला. जीभ बाहेर आली. एकदा, मग परत. मी दारातून बघत होते, मला रडूच फुटलं.

औषधाची बाटली घेऊन मी आत पाऊल टाकलं. डाव्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या. घास बाहेर पडला, दाढी फुगली, काळी झाली.

सायलीला दिसत नव्हतं, पण तळव्याखाली काटे उभे राहिलेले तिला कळले. "आई, तू आलीस ना? तुझ्या बांगड्या वाजल्या की तो असं करतो. कालपासून." तिने त्याच्यावर हात आडवा धरला. "नको ना येऊस."

मी बाहेर आले. दिवाळीला भरलेला हिरवा चुडा होता, घट्ट. साबण लावून एकेक बांगडी ओढून काढली, हात सोलवटला. दीपक बघत होता. "मैने, अगं मी जिवंत आहे," तो म्हणाला. चेष्टेने म्हणाला, पण हसला नाही. मी बांगड्या खिडकीत ठेवल्या.

मोकळ्या हातांनी, अनवाणी, मी परत आत गेले. महेश सरकला. मी भोपळ्याचा गर बोटावर घेऊन पुंजारामापुढे धरला. त्याने चाटला. दाढी फुगली नाही, पिवळटच राहिली.

"मामा?" सायलीने विचारलं.

"नाही गं, मी," मी शक्य तितक्या हळू म्हणाले.

पुंजाराम खात राहिला. सायलीने मात्र खांदे आवळून घेतले आणि कोपर डोक्यावर आडवं धरलं.