दिव्यदृष्टी आणि डावा गुडघा

त्या संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात इतकी माणसं जमली होती की चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत पोचला होता. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बाहेर आल्या, शेजाऱ्यांनी आपापली स्टुलं आणली, तरी दोघंजण सोफ्याच्या हातांवर टेकले होते. मधोमध, बाबांच्या आरामखुर्चीत, द्रष्टे बसले होते. डोळ्यांवर काळी पट्टी, हात मांडीवर आणि चेहऱ्यावर असा भाव, की आम्हा सगळ्यांच्या आरपार त्यांना दिसतं आहे आणि त्याचा त्यांना आता थोडा कंटाळाच आला आहे.

"या घरच्या कर्त्या पुरुषाला," ते संथपणे म्हणाले, "गुडघा छळतो. डावा. जिन्यावरून पडल्याचा जुना मार आहे."

खोलीत कुजबुज झाली. बाबा जिन्यावरून पडले होते हे खरंच होतं, आणि तेही माझ्या जन्माआधी. आत्याने डोळे टिपले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. द्रष्ट्यांना आमच्याकडे आणण्याचं श्रेय तिचं होतं आणि त्यात तिला वाटेकरी नको होता.

"पण बाबांचा तर उजवा गुडघा दुखतो," मी हळूच म्हटलं.

"अगं, ते समोर बसलेत ना," आत्या म्हणाली. "समोरून उजवा तो डावाच दिसणार."

डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसाला समोरून काय दिसतं, हे विचारायची सोय नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिथे वर्गभर मुलं माझं ऐकतात, पण पिकतं तिथे विकत नाही.

मग द्रष्टे शेजाऱ्यांकडे वळले. वरच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणाले, तुमच्या घरात पाणी मुरतंय, बाथरूमच्या भिंतीत. बाईंनी छातीवर हात ठेवला. तळमजल्यावरच्या काकांच्या मनात त्यांना एका गाडीविषयीचा राग दिसला. काकांच्या खिडकीसमोर रोज कोणीतरी गाडी लावतं, म्हणजे तोही नेम अचूक लागला. तिसऱ्यांची झोप एक कुत्रा उडवतो आहे हेही त्यांनी ओळखलं. एवढं झाल्यावर अविश्वास दाखवायला जो निघाला असता त्याला स्टूलही मिळालं नसतं.

हे सगळं मी मजेत बघितलं असतं. पण मध्ये आईचे डोळे होते.

आई शिवणकाम करते. दिवाणखान्याच्या खिडकीशी तिचं मशीन आहे आणि निम्म्या गल्लीच्या अंगावर तिच्या हातचे कपडे आहेत. गेले काही महिने तिच्या हाताला टेबलाच्या कडेचे कप लागून पडायला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो, नस सुकत जाते, कडेचं दिसणं आधी जातं. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं राखायचं असतं. औषधाचे थेंब रोज घाला आणि शस्त्रक्रिया लांबवू नका, असं त्यांनी बजावलं होतं. तारीखही ठरली होती.

द्रष्टे आईकडे वळले आणि म्हणाले, "उजव्या डोळ्यात दाब जास्त आहे. डाव्यात कमी." ते अगदी बरोबर होतं, आणि आम्ही घरचे आणि डॉक्टरीणबाई सोडून हे कोणालाच माहीत नव्हतं. "पण चाकू लावू नका, बाई. ते थेंबही ओतून टाका. प्रकाशाला बाटलीत भरता येत नाही. तुमचा दाब मी माझ्याकडे ओढून घेतो."

कापड कापण्याआधी दोनदा मोजणारी माझी आई हो म्हणाली. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती स्वतः घाबरली होती, हे मला दिसत होतं. घाबरलेल्या माणसाला शस्त्रक्रिया नको असं सांगणारा कोणीही देवमाणूसच वाटतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. थेंबांचं काय केलं म्हणून आत्याने विचारलं, तर आई म्हणाली, ओतून टाकले.

आता आमच्या घरातल्या दुसऱ्या सर्वज्ञाची ओळख करून द्यायला हवी. तो चपलांच्या कपाटाच्या खालच्या खणात राहतो आणि सतत गुणगुणतो.

घरात संगणक चार. दादाचा, माझा, बाबांचा आणि आईच्या मशीनशेजारचा, ज्यावर ती कपड्यांचे नमुने बघते. पूर्वी एकीकडची फाईल दुसरीकडे न्यायची म्हणजे पेन ड्राईव्ह घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं. तो पेन ड्राईव्ह एकदा दादाच्या खिशातून कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेला आणि स्वच्छ होऊन, अगदी रिकामा बाहेर आला. मग दादाने एक जुना संगणक काढून चपलांच्या कपाटात ठेवला, त्यात मोठी डिस्क बसवली, तारेने राउटरला जोडला, त्याला घरातल्या घरात एक कायमचा पत्ता दिला आणि त्यावर 'घर' नावाचा फोल्डर केला. त्यात कोणीही काहीही ठेवावं, सगळ्यांना आपापल्या जागेवरून दिसावं. फाईल सर्व्हर म्हणजे एवढंच, सगळ्या घराचं मिळून एक कपाट.

दादाने सुरुवातीला प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला होता. बाबा आपला पासवर्ड रोज नव्याने विसरायचे. आई म्हणाली, "माझ्याच घरात मला, तुम्ही कोण, असं विचारणार?" शेवटी दादाने हात टेकले आणि कुलूपच काढून टाकलं. घरच्या वायफायवर जो असेल त्याला कपाट उघडं. बाहेरून कोणी येऊच शकत नाही, अशी ग्वाही त्याने दिली, आणि ती खरी होती.

त्या कपाटात सर्वांत जास्त भर बाबांनी घातली. निवृत्त झाल्यावर त्यांना एक स्कॅनर मिळाला आणि घरातला एकही कागद त्याच्या तावडीतून सुटला नाही. डॉक्टरांचे अहवाल, जुनी बिलं, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं. शिवाय ते इमारतीच्या रहिवासी समितीचे सचिव, म्हणजे समितीकडे येणारे तक्रारअर्जही त्यातच.

आईला कसं समजवावं या विचारात मी तिचा अहवाल पुन्हा वाचायला बसले होते. 'आरोग्य' म्हणून बाबांनी वेगळा फोल्डर केला होता आणि त्यात स्वतःविषयीही एक टिपण टाईप करून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, डावा गुडघा, जिन्यावरून पडल्याचा जुना मार.

मी बाबांना विचारलं, दुखतो कुठला? त्यांनी थोडा विचार केला आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. डावं-उजवं हा त्यांचा जन्माचा घोळ आहे. त्यांनी रस्ता सांगितला की आम्ही उलट वळतो आणि बरोबर पोचतो. त्यांचा डावा गुडघा या जगात फक्त एकाच ठिकाणी दुखत होता, त्या फाईलमध्ये.

मग मी तक्रारअर्ज उघडले. बाथरूमच्या भिंतीतून गळणारं पाणी, खिडकीसमोरची गाडी, भुंकणारा कुत्रा. आमच्या इमारतीत प्रेमं आहेत, भांडणं आहेत, एकाच्या मुलाने परस्पर लग्नही केलं आहे. पण दिव्यदृष्टीला दिसलं होतं ते नेमकं तेवढंच, ज्याची लेखी तक्रार बाबांकडे आली होती.

दादाला सांगितलं तर तो आधी दुखावला. बाहेरून कोणी शिरणं अशक्य आहे, असं त्याने पुन्हा समजावलं. मला द्रष्ट्यांची पहिली भेट आठवली. तेव्हा ते फक्त बसून गेले होते, काहीच बोलले नव्हते. त्यांच्या सहायिकाबाई मात्र टॅबलेट घेऊन आल्या होत्या आणि ध्यानाची धून लावायला त्यांना वायफाय हवं होतं. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी वायफाय मिळतं. पासवर्ड फ्रिजच्या दारावरच चिकटवला आहे.

दादाने सर्व्हरची नोंद उघडली. कोणत्या यंत्राने कोणती फाईल कधी उघडली, हे त्यात आपोआप लिहिलं जातं. त्या दिवशी आमच्या चार संगणकांखेरीज एक पाचवं यंत्र तिथे येऊन गेलं होतं, आणि ध्यानाची धून वाजत असताना सगळं कपाट उपसून गेलं होतं. दादाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"बाहेरून नाहीच आली ती बाई," मी म्हटलं. "आपणच तिला सोफ्यावर बसवलं."

आम्ही ती नोंद आत्याला दाखवली. आकड्यांच्या त्या ओळींकडे बघून ती म्हणाली, यंत्र चुकेल पण ते चुकायचे नाहीत. आई नुसती मशीनच्या खणावर हात ठेवून बसून राहिली. आकड्यांनी काम होणार नव्हतं. मग दादाने आणि मी एक गोष्ट रचली आणि द्रष्ट्यांच्या पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळी, 'आईच्या आठवणी' अशा नावाने 'घर'मध्ये ठेवून दिली.

त्या दिवशी गर्दी आणखी वाढली होती. बोलण्याआधी द्रष्टे आणि सहायिकाबाई आतल्या खोलीत थोडा वेळ मौन पाळायचे. तसं त्यांनी पाळलं. बाहेर येऊन पट्टी बांधून ते बसले आणि थेट आईकडे वळले.

"बाई, तुमच्या मागे कोणीतरी उभं आहे. तुमची थोरली बहीण. लहानपणीच गेलेली."

सवयीने आत्याचा पदर डोळ्यांकडे निघाला आणि मध्येच थांबला. आपली वहिनी किती भावंडांतली, हे तिला लग्न ठरल्यापासून माहीत होतं. वरच्या बाई मदतीला धावल्या, चुलत असेल, मावस असेल.

"सख्खी," द्रष्टे ठामपणे म्हणाले. "तिच्या खांद्यावर पोपट आहे. तो पोपट... म्हाताऱ्या माणसासारखा खोकतो आहे."

स्वयंपाकघरात दादाला ठसका लागला. खोकणारा पोपट त्याच्या हट्टाने गोष्टीत आला होता.

"मी एकुलती एक आहे," आई म्हणाली.

"या जन्मी," द्रष्टे म्हणाले. "मी गेल्या जन्माविषयी बोलतो आहे. आत्म्याचं नातं जन्मदाखल्यावर नसतं."

कोणीतरी वा म्हटलं. मी टीव्ही लावला. पडद्यावर ती फाईल आली, वर त्याच दिवसाची तारीख आणि सकाळची वेळ, खाली बहीण आणि पोपट, खोकल्यासकट. मी मोठ्याने वाचून दाखवली. मग डाव्या गुडघ्याचं टिपण दाखवलं आणि बाबांना उठून चालायला सांगितलं. ते उजव्या पायाने लंगडत खिडकीपर्यंत गेले. त्यानंतर तिघांचे तक्रारअर्ज एकेक करून पडद्यावर आले. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "हे तर माझंच अक्षर." द्रष्ट्यांनी पट्टी वर सरकवून टीव्हीकडे पाहिलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

मला वाटलं, झालं. पण आई उठली आणि मशीनपाशी जाऊन उभी राहिली.

"एवढं एकच सांगा," ती म्हणाली. "माझ्या या खणात काय आहे?"

द्रष्ट्यांनी सहायिकाबाईंकडे पाहिलं. बाईंनी टॅबलेटकडे पाहिलं. शिवणाच्या मशीनचा खण बाबांनी अजून स्कॅन केला नव्हता.

"सुया," ते म्हणाले. "दोरा. कात्री."

आईने खण उघडला आणि त्यातून थेंबांची बाटली काढली.

"ओतून टाकले असं मी म्हटलं होतं. मी खोटं बोलले. तुम्हाला तेव्हाच दिसायला हवं होतं."

थेंब तिने घालायचे बंद केले होते, पण बाटली फेकायला तिचा हात झाला नव्हता. ती खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि मला म्हणाली, "घाल." भरल्या खोलीत मी तिच्या डोळ्यांत थेंब घातले. पहिला थेंब गालावर पडला तेव्हा ती म्हणाली, नीट बघून घाल, महाग आहेत.

यंत्रांच्या लहरींनी दृष्टीत अडथळा येतो, असं काहीतरी पुटपुटत द्रष्टे निघाले. दारातल्या चपलांच्या ढिगात स्वतःचा जोड त्यांना बराच वेळ दिसेना. शेवटी आत्यानेच तो शोधून दिला आणि दार लावून घेतलं.

आईला घेऊन मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी आईने त्यांनाही सोडलं नाही. "दाब वाढलाय हे तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. त्यांनी यंत्र दाखवलं, दाब कसा मोजतात ते सांगितलं, आईच्या नजरेचा आलेख समोर ठेवला आणि त्यातले कडेचे काळे डाग एकेक करून दाखवले. आई तो कागद बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, तारीख द्या.

शस्त्रक्रिया झाली. कडेचं जे गेलं होतं ते गेलंच, त्यातलं थोडं त्या वाया गेलेल्या दिवसांत गेलं असेल का, हे कोणीच सांगू शकत नाही आणि ते मला अजून टोचतं. उरलेलं मात्र टिकलं आहे. आई शिवते आहे. 'घर'ला पुन्हा कुलूप लागलं, पाहुण्यांचं वायफाय दादाने वेगळं केलं, आणि बाबांचा पासवर्ड आता आईच्या लक्षात असतो.

मी वर्गात हेच सांगते. कोणी अद्भुत काही सांगितलं तर लगेच मान डोलवू नका आणि लगेच हसूही नका. शांतपणे विचारा, तुम्हाला हे कसं कळलं? ज्याला खरंच कळलेलं असतं तो बसवून समजावतो. ज्याला सांगायचं नसतं तो गेल्या जन्मात जातो.

परवा आत्या आली होती. तिच्या ओळखीतल्या कोणाला तरी हातात पाण्याचा पेला घेऊन आजार ओळखता येतो, असं तिने उत्साहाने सांगायला घेतलं. आई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कसा ओळखतात?"

आत्या थांबली. थोडा विचार करून म्हणाली, "ते विचारायचं राहिलं. थांब, आधी विचारून येते."