अर्ध्या भाड्याची दोन कुलपं

मित्रांनो, तुम्ही मला हात लावण्याआधीच सांगून ठेवतो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. माणसं याला दुर्गुण म्हणतात. आमच्यात यालाच लायकी म्हणतात. भोळ्या कुलपाचा कोणाला काय उपयोग?

माझा जन्म अलिगढचा. तिथल्या एका कारखान्यात मला ओतलं, कानशीनं घासलं, पोटात पट्ट्या बसवल्या आणि दोन किल्ल्या गळ्यात बांधून मुंबईला पाठवलं. घाटकोपरच्या एका दुकानात मी बरेच महिने काचेमागे बसून होतो. एका संध्याकाळी कमल आली. दुकानदारानं माझी तोंड भरून स्तुती केली, तरी तिनं मला पुन्हा पुन्हा लावून-उघडून बघितलं आणि वर विचारलं, "याची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागत नाही ना?" तेव्हाच मी ओळखलं, आमचं जमणार.

कमल एका लॅबमध्ये रक्त तपासायची. एकटीच राहायची. मुलुंडला घर शोधताना तिच्या चपला झिजल्या होत्या. एकटी बाई म्हटल्यावर काही मालक आठ्या घालत, बाकीचे आडनाव ऐकलं की "घर कालच गेलं" म्हणत. अण्णांनी मात्र एवढंच विचारलं होतं, "भाडं वेळेवर देशील ना?" अण्णांची एकाच मजल्यावर समोरासमोर दोन घरं होती. एकात ते आणि त्यांची बायको कुंदाकाकू राहत. दुसऱ्याच्या दारावर मी.

कामाची वर्षं मानानं गेली. एकदा तळमजल्यापासून एकेका दारावर हात टाकत आलेला चोर माझ्यापाशी थकला आणि शिव्या देत निघून गेला. दुसऱ्या दिवशी कुंदाकाकू जिन्यात सगळ्यांना सांगत होत्या, "कुलूप असावं तर कमलच्यासारखं!" मला फार बरं वाटलं, पण त्या इतकं कौतुक का करतायत, हेही मनात येऊन गेलं.

यंदाच्या उन्हाळ्यात वाशिमहून फोन आला. कमलची आई घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. सांभाळायला दुसरं कोणी नाही. लॅबनं रजा दिली, पण बिनपगारी. पूर्ण भाडं भरायचं तर आईच्या औषधपाण्याला काही उरत नव्हतं. घर सोडायचं तर परत आल्यावर पुन्हा दारोदार आडनाव सांगत फिरणं आलं. शेवटी तिनं समोरची बेल वाजवली.

"अण्णा, तीन महिने मी इथे नसणार. तेवढे महिने अर्धं भाडं घ्या ना."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि तू रिकाम्या घरात दुसऱ्या कोणाला ठेवून गेलीस तर? मला अर्धं देणार, त्यांच्याकडून पूर्ण घेणार. चालतात असले धंदे."

"आणि माझ्यामागे तुम्ही तुमचे पाहुणे उतरवलेत तर? माझं सगळं सामान आत आहे."

"मी? अगं, मालक आहे मी!"

"म्हणून तर विचारतेय."

अण्णा दोन दिवस धुमसले आणि मग त्यांनी तोडगा काढला. अर्धं भाडं चालेल, पण दाराला त्यांचंही कुलूप लागेल. सुतार बोलावून माझ्याखाली आणखी एक कडी बसवली. तिच्यावर एक चकचकीत स्टीलचं कुलूप येऊन लटकलं. आता दोघांपैकी एकटं कोणीच आत जाऊ शकणार नव्हतं. ते नवं कुलूप माझ्याकडे बघेना आणि मी त्याच्याकडे.

निघताना कमलनं एक गोष्ट केली, ती फक्त मी पाहिली. प्रवासात पर्स हरवली तर काय, म्हणून दुसरी किल्ली तिला इथेच कुठेतरी ठेवायची होती. अण्णांच्या दाराबाहेर कुंदाकाकूंची गवती चहाची कुंडी आहे. कमलनं इकडेतिकडे पाहिलं आणि किल्ली त्या मातीत खोल खुपसली. मी हबकलोच! मग तिची चाल ध्यानात आली. अण्णा साऱ्या जगावर संशय घेतील, स्वतःच्या कुंडीवर कशाला घेतील?

कमल गेली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. रोज मायेनं फिरणारी किल्ली नाही, अंगावर धूळ बसलेली. अण्णा सकाळी येऊन आम्हा दोघांना हिसका देत आणि दाराला कान लावत. त्यांचं मी समजू शकत होतो. पण कुंदाकाकू! दुपारी अण्णा डुलकी काढायला लागले की त्या हळूच बाहेर येत, जिन्याकडे नजर टाकत, मला तळहातावर घेत आणि माझ्या भोकात काहीतरी थंड, बुळबुळीत सोडत. हे दर आठवड्याला चाले. माझी खात्री पटली की ही बाई माझ्या किल्लीचा साचा घेतेय. मला तोंड असतं तर मी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती.

पावसाळ्यात एका दुपारी खालच्या मजल्यावरची जानकी धावत वर आली. "अण्णा, आमच्या छतातून धार लागलीय! वरून येतंय पाणी!" खरंच, माझ्या दाराखालून पाणी झिरपत होतं. अण्णांनी त्यांचं कुलूप झटक्यात काढलं. राहिलो मी. ते हातोडी घेऊन आले. माझं आयुष्य संपलं, असं मला वाटलं.

"थांबा, आधी तिला फोन करा," कुंदाकाकू म्हणाल्या.

अण्णांनी व्हिडिओ कॉल लावला. "कमल, आत नळी फुटलीय बहुतेक. कुलूप तोडतोय."

"खरंच फुटलीय की दार उघडायला निमित्त पाहिजे?"

अण्णांनी रागानं फोन जमिनीकडे वळवला. तिला पाणी दिसलं. सांगावं तर लपवलेली जागा फुटणार, न सांगावं तर मी फुटणार. शेवटी तिनं मान खाली घातली.

"तोडू नका. किल्ली आहे. तुमच्या कुंडीत."

"माझ्या दारात?" अण्णा ओरडले. "माझ्याच नाकाखाली लपवलीस?"

कुंदाकाकू कुंडीकडे गेल्याच नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"काकू, कुंडी बाहेर आहे!" कमल फोनमधून म्हणाली.

काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात खोबरेल तेलाची वाटी होती आणि तिच्यात माझी किल्ली.

"तू गेलीस त्याच आठवड्यात माती उकरताना हाताला लागली," त्या म्हणाल्या. "ओल्या मातीत गंजली असती गं. आणि किल्लीला तेल दिलं तर कुलपाला नको? म्हणून त्यालाही देत होते अधूनमधून."

"मला सांगितलं नाहीस?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या हाती दोन्ही किल्ल्या आल्या असत्या तर तुम्ही आत डोकावल्याशिवाय राहिला असता का?"

अण्णांनी हातोडी खाली ठेवली. किल्ली फिरली आणि मी लोण्यासारखा उघडलो. अण्णा उंबऱ्यावर थबकले, फोन पुढे धरून म्हणाले, "तू बघत राहा. फक्त कॉक बंद करून येतो." आणि तेवढंच करून ते बाहेर आले. त्यांचं स्टीलचं कुलूप दाराला पुन्हा लागलंच नाही.

कमल परतली. आई आता काठी घेऊन चालते. काकूंनी तिच्यापुढे किल्ली धरली. कमलनं काकूंची मूठ किल्लीवर मिटवली.

"राहू दे तुमच्याकडेच. वाटीत."

मित्रांनो, मी अजूनही कोणावर विश्वास ठेवत नाही. तुमच्या दारावर माझ्यासारखं एखादं म्हातारं असेल, तर पावसाळ्याआधी त्याला दोन थेंब तेल द्या. ते तुमच्यावर संशय घेईल, तुम्ही रागावू नका. मीही त्या सगळ्या दुपारी काकूंना चोर समजत होतो, आणि त्यांनी एकदाही हात आखडता घेतला नाही.