कॉम्प्युटरला लावलेला कूलर

माझा स्वभाव तापट आहे. आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर पुढे दुसरं कोणीतरी सांगणारच. एस.टी.च्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली. गोड बोलून तिथे नट सुटत नाही. रिटायर होऊन फैजपूरला घरी बसलो, पण जीभ काही रिटायर झाली नाही. ‘झुलालभाऊला काही विचारायचं तर दोन पावलं लांब उभं राहून विचारा’ असं गल्लीत म्हणतात. म्हणोत बापडे.

शहाण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी लेक रेशमा साक्रीहून माहेरी आली. आखाजीला सगळ्यांच्याच लेकी येतात, झोके खेळतात, आमरस खातात आणि आठ दिवसांनी सासरी जातात. ही गेली नाही. तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मी पाहिला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तिची आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच.

रेशमा जळगावला जाऊन डीटीपी शिकली. मी फंडाच्या पैशातून तिला कॉम्प्युटर घेऊन दिला, जळगावच्या रतिलालभाईंच्या दुकानातून. दोन वर्षं लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका झाल्या. यंदा आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका तिच्याकडे आली. दोनशे चाळीस मुलामुलींची नावं, शिक्षण, मामाचं गाव, फोटोची जागा. समाजाचे अध्यक्ष उखर्डू आप्पा म्हणाले, “पाहू, जमते का.” पण काम दिलं. हे नीट पार पडलं तर तिला कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरज उरणार नव्हती. मला दुसरं काही नको होतं.

एवढं मोठं काम हातात, म्हणून यंदा उन्हाळा लागला तशी मी मशीनची काळजी घ्यायला लागलो. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्यावर पापड भाजावा. घाटात गाडी तापली की आम्ही बॉनेट उघडून ठेवतो, हे मला ठाऊक. मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकणच काढून टाकलं. घरात एकच कूलर, तोही मी स्वतः पत्रा ठोकून बनवलेला. तो माझ्या खाटेपासून उचलला आणि कॉम्प्युटरसमोर हातभर अंतरावर मांडला. बोअरचं पाणी भरायचं, वाळ्याच्या ताट्या भिजवायच्या, वारा सरळ मशीनच्या पोटात. मी ओला पंचा अंगावर टाकून ओसरीत पडायचो. मनात म्हणायचो, लेकीचं इंजिन थंड राहिलं पाहिजे.

आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

चांगला चालता चालता पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची, मग काहीही दाबा, ढिम्म. पुन्हा लावला तर कधी सुरू व्हायचा, कधी नुसता पीं-पीं करत बसायचा. एकदा फाइल साठवतानाच पडला आणि चाळीस पानं गेली. रेशमाने ती पहिल्यापासून टाइप केली. मी कूलरचा वेग वाढवला.

डबा गोधडीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि बसने जळगाव गाठलं. रतिलालभाईंच्या दुकानात तो पठ्ठ्या दिवसभर चालला. एकदाही बंद पडला नाही. त्यांनी विंडोज पुन्हा भरून दिलं. घरी आणला, दुसऱ्या दुपारी निळा. पुन्हा जळगाव, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला रतिलालभाई शांतपणे म्हणाले, “भाऊ, इथे चालतो आणि तुमच्याकडे बंद पडतो. एकदा तुमच्या घरी येऊन पाहायला पाहिजे.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “खराब माल गळ्यात मारायचा अन् वर माझ्या घराला नाव ठेवायचं? चोर आहेस तू,” असं मी सहा गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणालो. त्यांनी डबा नीट गोधडीत बांधून दिला.

मेळावा आखाजीनंतरच्या दुसऱ्या रविवारी होता. त्याआधीच्या मंगळवारी उखर्डू आप्पा दारात उभे. “शुक्रवारी पानं हातात पाहिजेत. नाहीतर मी प्रेसवाल्याले देतो. बाईमाणसाले काम देलं, माह्यंच चुकलं.” ते गेल्यावर रेशमाने कीबोर्डवर रुमाल टाकला. मग म्हणाली, “आबा, हे नाही जमलं तर मी साक्रीला परत जाते. तुमच्या जिवाला किती दिवस घोर लावू?”

मी उठून कूलरमध्ये पाणी भरलं.

बुधवारी भर दुपारी दार वाजलं. रतिलालभाई उभे होते, डोक्याला रुमाल, घामाने सदरा भिजलेला. त्या उन्हात जळगावहून बसने आले होते. ज्या माणसाला चोर म्हणालो होतो, त्याला मी पाणी दिलं, पण माफी काही मागितली नाही.

“रोज जसं करता तसंच करा,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. मी झाकण काढलं, कूलर लावला. रेशमा टाइप करायला बसली. तासभर ती टाइप करत राहिली. रतिलालभाईंनी फक्त एकदा हात पुढे करून तळवा कूलरच्या वाऱ्यात धरला आणि मला दाखवला. तळव्यावर बारीक दव जमलेलं. थोड्या वेळात पडदा निळा झाला.

त्यांनी वायर काढली, मशीनच्या पोटातून मेमरीची एक पातळ पट्टी बाहेर घेतली. तिच्या सोनेरी दातांवर पांढरी पूड धरली होती. आमच्या कूलरच्या ताट्यांवर धरते तीच. बोअरचं खारं पाणी वाऱ्याबरोबर उडून महिनाभर आत बसत होतं. जळगावला जाताना ते वाळायचं, म्हणून तिथे चालायचा. मला सगळं एका क्षणात कळलं. लेकीचं काम मीच बुडवत होतो.

“ताई, खोडरबर आहे का?” त्यांनी विचारलं. शाळेतल्या पोरांचं असतं तसं साधं खोडरबर. त्यांनी एकेक दात हलक्या हाताने घासला, कोरड्या कपड्याने आतलं सगळं पुसलं, पट्टी बसवली, झाकण लावलं आणि कूलर माझ्या खाटेकडे फिरवला. मग रेशमाला म्हणाले, “धूळ बसली होती, ताई. आता नाही पडायचा.”

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. वाटेत केळीची एक फणी घेऊन त्यांच्या पिशवीत कोंबली. “धूळ काहून म्हणाले? चूक माझी होती.”

“स्वतः उकाड्यात पडून वारा मशीनला देणाऱ्या माणसाला काय बोलायचं, भाऊ?”

“रतिलालभाई, मी तुम्हाला चोर म्हणालो. लाज वाटते मला,” मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी माझा हात दाबला. बस आली, ते चढले. बस निघाल्यावर माझ्या डोक्यात आलं, मी उकाड्यात पडतो हे ह्या माणसाला कसं ठाऊक?

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला नाही. शुक्रवारी सकाळी दोनशे चाळीस पानं आप्पांच्या हातात गेली. त्यांनी चष्मा लावून चाळली आणि पुढच्या महिन्याच्या अहवालाचं काम रेशमाला सांगून टाकलं. ती साक्रीचं नाव काढत नव्हती. मला मात्र घास गोड लागेना. दोन दिवस तिने हात मोडेस्तोवर काम केलं होतं, म्हणून त्या संध्याकाळी भाजी मीच टाकली. ताटावर बसल्यावर सांगितलं, “रेशमा, धूळ नव्हती ती. माझा कूलर होता.”

ती उठली आणि एक वही घेऊन आली. तिच्या नीट अक्षरात ओळी होत्या. कूलर साडेबाराला लावला, दीडला बंद. कूलर एकला, दोनला बंद. कूलरमध्ये पाणी नव्हतं, दिवसभर चालला. खाली रतिलालभाईंच्या दुकानाचा फोन नंबर.

“बुधवारी सकाळी पीसीओवरून मीच फोन केला,” ती म्हणाली. “म्हटलं, आबा स्वतः उकाड्यात पडून कूलर मशीनला लावतात; या, पण त्यांना दुखवू नका.”

“मग मले काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही चिडले असते. आणि एवढ्या मायेने लावलेला कूलर, बंद करा कसं म्हणू?”

मी वही मिटली. “अन् साक्रीचं? तिथे दीड वर्ष सोसलं, ते तरी काहून सांगितलं नाही?”

ती खाली बघून म्हणाली, “तेही त्याच भीतीने, आबा.”

अठ्ठावीस वर्षांत मी कोणासमोर मान खाली घातली नव्हती. त्या ताटावर घातली. देवाचे उपकार की पोरीने कोणाला तरी फोन केला, आणि तो माणूस शिव्या खाऊनही आला. “यापुढे माझं चुकलं की तोंडावर सांगायचं,” मी म्हणालो. “मी ओरडलो तरी सांगायचं.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग ताट थोडं पुढे सरकवलं.

“भाजीत मीठ फार पडलंय, आबा.”

मी एक घास घेतला. खरंच खारट होती.

“हो,” मी म्हणालो, “पडलंय खरं.”