जळबाच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या

आईच्यान, लेकरांच्यान, ह्या चुलीतल्या इस्तवाच्यान सांगते, यातला शब्दन् शब्द खरा हाय! ज्याला खोटं वाटंल त्यानं पुसेगावात जाऊन रूपाबाईला विचारावं.

तर रूपाबाईच्या ध्यानात आलं, की नवऱ्याच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या वाढून राहिल्यात. उजव्याच्या विरळ, साठीतल्या माणसाच्या असाव्या तशा. डाव्याच्या मातर काळ्याभोर, लांब, नव्या नवरीवानी. एक डाव तर माशी त्यात अडकली, अन् जळबानं डोळा मिचकावला तवा सुटली.

"काजळ घालून राहिले का वो?"

"खुळी का काय!" म्हणत जळबानं तोंड फिरवलं.

तोंड काहून फिरवलं? रूपाबाईनं पाळत ठेवली. रोज दिवेलागणीला जळबा शेजारच्या खतीजाबीच्या घरात शिरायचा अन् पाच मिनिटांत बाहेर यायचा, डावा डोळा लालभडक. खतीजाबीचा मालक वारलेला. बाई सत्तरीची असंल, पण रूपाबाईला वाटलं, वयाचा काय भरवसा!

तिनं दारातच पाट टाकला. "सांजच्याला उंबऱ्याबाहेर पाय टाकला, तर मी चालली वसमतला, भावाकडं."

जळबा घरातच बसला. बारा दिवस घरातच बसला.

तेराव्या दिवशी खतीजाबीच आली, हातात बोटाएवढी बाटली.

"रूपा, जळबाभाईला कोंडून ठेवलंस का गं? डोळ्याचं औषध हाय हे. रोज एक थेंब, न्हाईतर नजर जाती म्हणली डाक्टरीनबाई!"

"मंग तुमच्या घरी काहून?"

"तुझ्याकडं फ्रिज हाय का? या उन्हात औषध खराब व्हतं."

रूपाबाई नवऱ्याकडं वळली. जळबा खाली पाहून बोलला, "डोळा चाललाय म्हणलो असतो, तर माझ्या मोटारसायकलीवर बसली असती का तू?"

तरी बाईचा संशय जाईना. औषधानं कुठं पापण्या वाढतात व्हय? तसं असतं तर जळबानं आधी टकलाला न्हाई का लावलं असतं? दुसऱ्याच दिवशी नवरा अन् बाटली घेऊन ती हिंगोलीला गेली.

डाक्टरीनबाई हसली. "वाढतात, मावशी. डोळ्यातलं पाणी बाहेर निघत न्हाई, आत दाब वाढतो, अन् दिसायची नस सुकत जाती. हा थेंब त्या पाण्याला वाट करून देतो. आपल्या अंगात असाच एक रस असतो, हा कारखान्यात केलेला. त्यानं पापण्या वाढतात, बुबुळ काळं व्हतं, डोळा लाल व्हतो. गालावर सांडला तर पुसा, न्हाईतर तिथंबी केस येतील."

मंग तिनं दाब मोजला अन् तिचं हसू गेलं. "लई चढलाय. थेंब कोणी बंद केला?"

जळबा म्हणला, "मीच इसरलो."

रूपाबाई पुढं सरकली. "गेलेली नजर येती का वो, बाई?"

"न्हाई. राहिलेली राखायची."

त्या सांजेला खतीजाबीच्या फ्रिजपुढं रूपाबाईनंच बाटली धरली. "वर पाहा. हलू नका." पहिला थेंब गालावर पडला. तिनं पदरानं असा घासून पुसला, की जळबा वरडला. दुसरा बराबर डोळ्यात.

तीन महिन्यांनी तपासलं, तर दाब उतरलेला. डावीकडच्या नजरेची जरा कड गेली ती गेलीच. रूपाबाईनं मोटारसायकल इकून टाकली. आता दोघं एसटीनं जातात, अन् उतरल्यावर ती त्याच्या डाव्या अंगानं चालती.

बरं, आता एवढे डोळे वटारून पाहू नका. मोटारसायकल काही इकली न्हाई, तेवढं माझ्या पदरचं. चावी रूपाबाईच्या कमरेला हाय.