डाव्या कोपऱ्यातली घडी

"आत्या, हात लावू नकोस!" भाचा एवढ्या जोरात ओरडला की आत्याच्या हातातलं फडकं गळून पडलं.

तिला हसूच आलं. या दुकानातल्या कुठल्या खोक्याला तिचा हात लागला नव्हता? दुकान तिच्या दादाचं, व्हिडिओ गेमचं. दादा पुढे गिऱ्हाईक सांभाळायचा आणि ती मागच्या खोलीत प्लास्टिक चढवायच्या मशीनवर बसायची. पोरं हौसेने गेम न्यायची आणि दोन दिवसांत तोंड वाकडं करून परत आणायची. आत्या खोकं पुसून नवं प्लास्टिक चढवायची, मग तो गेम कमी किमतीच्या फळीवर जायचा. परत आलेला गेम चालतो की नाही हे बघणंही तिचंच काम, आणि ते ती जरा जास्तच मन लावून करायची. जेवणाचा डबा मांडीवर, डोळे टीव्हीवर! दादाने मात्र जन्मात एक गेम खेळला नव्हता. "मी विकतो, तू खेळ," म्हणायचा.

आता मालकाने दुकानाची जागा विकायला काढली होती. ती घ्यायची ऐपत नव्हती, आणि दुकान गेलं तर दादा घरात बसून काय करणार, या काळजीने आत्याचं जेवणावरून मन उडालं होतं. अशात माळा आवरताना हे सीलबंद खोकं सापडलं. न उघडलेल्या जुन्या गेमसाठी लोक केवढे पैसे मोजतात, हे भाच्याने फोनवर दाखवलं, तेव्हा दादाने चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. "अरे, एवढ्यात तर जागा येईल की!"

जुने गेम गोळा करून विकणारा गृहस्थ दुपारी आला. हातमोजे घालून त्याने खोकं अलगद उचललं. "वा! कोणाचाही हात लागलेला नाही."

त्याने ते उलटं केलं आणि आत्या पुढे वाकली. डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकची बारीक दुहेरी घडी होती. परत आलेला माल चुकून नव्यात जाऊ नये, म्हणून ती स्वतः घालायची तीच घडी. मग आठवलं. गेममधला शेवटचा राक्षस तिच्याकडून काही केल्या मरत नव्हता, म्हणून गेम विकला जाऊ नये यासाठी तिनेच तो माळ्यावर दडवला होता आणि साफ विसरली होती.

तिने भाच्याला मागे ओढून सगळं सांगितलं.

"आत्या, पाया पडतो, गप्प बस. कोणाला कळणार आहे?"

ती गप्प बसलीही. पुढे दादा पाहुण्याला नवी फळी कुठे टाकणार ते दाखवत होता. त्याला इतकं खुशीत तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हा नवाच आहे ना, परत आलेला नाही?" पाहुण्याने विचारलं.

"छे हो! माझ्या बहिणीने परत आलेला माल कधी नव्यात मिसळला नाही. विचारा तिलाच."

आत्याचे डोळे भरून आले. "परत आलेलाच आहे," ती म्हणाली. "मीच बंद केलाय. आणि खेळलेयसुद्धा."

पाहुण्याने हातमोजे काढले. "काकू, सांगायला नको होतं हो! आता माहीत असताना मी तरी पुढे कसा विकू?" तो हळहळत निघून गेला. भाचा त्याला सोडायला गेला.

दादा खोकं घेऊन स्टुलावर बसला.

"दादा, रागव ना. काहीतरी बोल."

"तो राक्षस मेला का शेवटी?"

"नाही ना."

दादाने घडीत नख घातलं आणि प्लास्टिक टरकन फाडलं. "लाव टीव्ही."

तिने कॅसेट बसवली. दादाने कंट्रोलर हातात घेतला, उलटा.

"दुकान चालू आहे का?" दारातून कुणीतरी विचारलं.

"या महिन्यापुरतं आहे," दादा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "पण जरा थांबावं लागेल."

आत्याने कंट्रोलर सुलटा केला आणि त्याचा अंगठा धरून उडीच्या बटणावर ठेवला.